मामीच्या बाजूची पट्टी

सहावा महिना, वद्य अष्टमी

पेइ-युन बाळे,

तुझ्या नवऱ्याचं पत्र मिळालं. मुलगी झाली, तूही सुखरूप आहेस, हे वाचलं आणि जीव भांड्यात पडला. लगेच देवळात जाऊन उदबत्त्या लावून आलो. घरी येऊन तुझ्या मामीच्या फोटोलाही सांगितलं. तिला आधीच कळलेलं असावं अशी बघत होती. जिवंतपणीही अशीच बघायची, तुला आठवत असेल.

आता कामाचं. गेल्या वादळात आपल्या ‘खाडीचा आवाज’ रेडिओचा मनोरा आडवा झाला. तो पुन्हा उभारणं आपल्या बापजन्मात शक्य नाही. देवळातला आ-बोक म्हणतो, इंटरनेटवरून प्रसारण करा. त्यानं पतपेढीतून काढून टाकलेला एक कॉम्प्युटर आणून माझ्या टेबलावर ठेवलाय. आवाज इंटरनेटवर पाठवायला एन्कोडर नावाचा प्रोग्राम लागतो म्हणे. तू तायपेईत याच धंद्यात आहेस. बाळंतीण असल्यानं घरी बसून आहेस. तेव्हा मामाला शिकव.

पण पत्रानं शिकव. फोनवर तुम्ही मुलं घाईघाईनं बोलता, माझ्या डोक्यात काही शिरत नाही. पत्र समोर ठेवलं की एकेक ओळीवर बोट ठेवून काम करता येतं.

सकाळी कालवं सोलायला बसणाऱ्या बायकांना सध्या नुसत्या सुऱ्यांचा आवाज ऐकत बसावं लागतं. परवा लिम आजी रस्त्यात भेटली. हातवारे करून मला काहीतरी बरंच सुनावत होती. रेडिओ बंद केला म्हणूनच असणार.

सासूबाईंचं ऐक. डोक्यावरून पाणी घेऊ नकोस.

तुझा मामा,
तेंग-हुई


सहावा महिना, वद्य एकादशी

मामा,

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की टाके दुखले. ‘सासूबाईंचं ऐक’ म्हणे! इथे ऐकण्यावाचून दुसरं आहेच काय. तिळाच्या तेलातली कोंबडी सकाळी, तीच दुपारी, आणि संध्याकाळी चव बदल म्हणून तिळाच्या तेलातली कलेजी. त्यात तांदळाची दारू इतकी, की दूध पिऊन मुलगीही झिंगत असेल. शस्त्रक्रिया झाली म्हणून महिन्याऐवजी चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नाही, असा हुकूम आहे. केसांना वास मारतोय. तुमचं काम आलं नसतं तर मी वेडी झाले असते.

तर ऐका. आमच्या ऑफिसातला माइकचे आवाज एकत्र करायचा एक जुना छोटा मिक्सर नवऱ्याकरवी पोस्टात टाकलाय. तो कॉम्प्युटरला जोडा, त्याला तुमचा माइक जोडा. मग मी पाठवलेल्या डिस्कवरून एन्कोडर बसवा. हा प्रोग्राम म्हणजे नुसता हमाल. तुमचा आवाज घ्यायचा, बारीक करून गाठोडं बांधायचं आणि आमच्या सर्व्हरवर नेऊन टाकायचं. तिथून ज्याला हवं त्यानं ऐकावं. त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात. आवाज कुठून घ्यायचा: तिथे मिक्सरचं नाव निवडा. गाठोडं कुठे टाकायचं: सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्ड वेगळ्या कागदावर लिहिलाय. आणि गाठोडं केवढं बांधायचं: तिथे चौसष्ट किलोबिट आणि मोनो निवडा. बोलणारा माणूस एक, तेव्हा डावं-उजवं करायची गरज नाही. मामीचा माइक काढून कपाटात ठेवा. उगाच पंख्याची घरघर येईल.

पडद्यावर आवाजाची पट्टी दिसेल. हिरव्यात राहू द्या, कधीमधी पिवळी झाली तर चालेल, लाल होऊ देऊ नका. ‘नोंद ठेवा’ या चौकोनातही खूण करा, म्हणजे प्रत्येक माइकचा आवाज कॉम्प्युटरवर वेगळा साठत जाईल. काही बिघडलं तर मला ऐकून सांगता येईल.

आणि मुख्य राहिलं. कॉम्प्युटरवर मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी ठेवा. त्याशिवाय तो शहाण्यासारखा वागणार नाही. आमच्या ऑफिसात प्रत्येक मशीनवर आहे, माझे साहेब परदेशात शिकून आलेत तरी.

पेइ-युन


सातवा महिना, शुद्ध तृतीया

पेइ-युन,

सुरू झालं! गंगेत घोडं न्हालं, पण घोड्यानं आधी मला चिखलात लोळवलं.

पहिल्या दिवशी दुकानात हिरवी पुडी नव्हती. मी पिवळी आणली, म्हटलं कुरकुरे ते कुरकुरे. कॉम्प्युटर तीनदा झोपला. आ-बोक बघायला आला आणि कपाळाला हात लावून बसला. पिवळी ठेवतात का कुणी, त्यानं मशीन थबकतं, म्हणाला. त्यानं सायकल मारत जाऊन तालुक्यातून हिरवी आणली. मग पासवर्ड चालेना. तू लिहिलेलं अक्षर मी बरोबर दाबत होतो, पण कळफलक आपल्या लिपीवर राहिलेला. ठिपक्यांआड काय उमटतंय ते दिसत नाही ना! ती अर्धी दुपार मी सर्व्हरला मनातल्या मनात शिव्या देत होतो. तुझ्या त्या हमालाचा काही दोष नव्हता बिचाऱ्याचा.

पण एका बाबतीत तुझं ऐकलेलं नाही. मोनो केलं नाही. डावीकडे मी आणि उजवीकडे तुझी मामी, असे दोन्ही माइक लावलेत. गाणी दोन्हीकडून. तिची खुर्ची दाराजवळ होती तिथेच आहे, आणि तिचा माइक उघडा आहे. सातवा महिना लागलाय. गेलेली माणसं महिनाभर घरी येतात, त्यांच्यासाठी दार उघडलंय. देवळासमोरच्या नाटकाला या महिन्यात पहिली रांग मोकळी सोडतात, मग माझ्याच घरच्या माणसाची जागा मी कपाटात कोंबू? आणि मोनो म्हणजे तिचा आवाज माझ्यात कालवायचा. उभ्या जन्मात तिनं ते होऊ दिलं नाही.

आणखी एक सांगतो, हसू नकोस. गाणं लावलं की मी माझा माइक खाली ओढतो. माझी पट्टी पडते. तिची पट्टी पडत नाही, पेइ-युन. हलत राहते. मी काही न बोलता, श्वास धरून बसलो तरी. उडी मारते, थांबते, पुन्हा उडी मारते.

लोकांचे फोन मात्र येत नाहीत. नव्या वर्षापासून एकही नाही. पूर्वी बाहेरच्या खोलीतला फोन ठेवायला उसंत नसायची, तुझी मामी वैतागून जायची. ती गेली आणि लोक मला विसरले. तिच्यासाठीच करत असणार फोन.

मामा


सातवा महिना, शुद्ध दशमी

मामा,

रोज सकाळी तुमचं ऐकते. लिम आजीला मेंढीच्या दुधाची पावडर घ्यायला लावण्यासाठी तुम्ही केवढं नाटक केलंत! आणि ते गुडघ्याचं तेल अजून विकताय? मामी म्हणायची, अर्धा गाव या तेलानं चालतो आणि अर्धा या तेलानं लंगडतो.

पट्टी हलते त्याचं नवल नाही. उघडा माइक पंखा, रस्ता, कुत्रं, काहीही उचलतो. उद्या तो बंद करा पाहू.

मुलीचं नाव ठरलं. शिन-रोउ. ते सांगायला शुक्रवारी तुमचा कार्यक्रम चालू असताना, गाणं लागलेलं बघून मुद्दाम फोन केला. म्हटलं, गाण्याच्या वेळात मोकळे असाल. किती वेळ वाजत राहिला. तुम्ही उचलला नाहीत. रागावलात का माझ्यावर? मामीच्या दिवसांना येता आलं नाही म्हणून? पोटात बाळ असताना मला कुणी जवळही येऊ दिलं नसतं, तुम्हीच म्हणाला होतात.

आणखी एक. तुमच्या खोलीत कुणी असतं का?

गाणी चालू असताना खाली कसलीशी कुजबुज येते. फक्त उजवीकडून. पहिल्यांदा वाटलं, गाण्यातलंच आहे. पण गाणं बदललं तरी कुजबुज तीच. शब्द कळत नाहीत. मी सासूबाईंच्या कानाला लावलं, त्यांनी ऐकलं आणि पाळण्याला लाल दोरा बांधला. आता मला कानात काही घालून ऐकायला बंदी आहे. बाळंतिणीचे कान कच्चे असतात म्हणतात. मी अंग पुसायच्या नावाखाली न्हाणीघरात जाऊन ऐकते, अंघोळ तर करायचीच नसते.

मामा, खरं सांगा, मामीच्या खुर्चीत कोण बसतं?

पेइ-युन


सातवा महिना, वद्य प्रतिपदा

पेइ-युन,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणजे तुलाही ऐकू आलं!

मला वेड लागलंय असं मलाच वाटू लागलं होतं. खुर्चीत कुणी बसत नाही गं. ती बसते. उजवीकडून म्हणतेस ना? ती बाजू तिचीच. मी काही विचारलं की तिची पट्टी हलते. थोडी हलते, थांबते, पुन्हा हलते. तिचं बोलणं असंच होतं, अर्धं बोलायची आणि मी समजलो का ते बघायची. काय म्हणते ती? एखादा शब्द तरी लागला का तुला? नीट ऐक. सासूबाईंची नजर चुकवून ऐक. माझ्यासाठी एवढं कर.

काल पौर्णिमेचं मोठं ताट मांडलं. बदक, मासा, अननस, तिच्या आवडीचे तळलेले कालवांचे वडे. गावातले सगळे आले होते. हल्ली लोकांना काय झालंय कळत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ कुणी ना कुणी दारात उभं. एकाच्या हातात दोडके, दुसऱ्याच्या हातात मासे. येतात आणि जायचं नावच घेत नाहीत, नुसते बसून राहतात. आ-बोक तर झोपायलाही इथेच येतो, त्याच्या घरी छत गळतं म्हणून. पाऊस कुठाय? पडद्यावर ऐकणाऱ्यांचा आकडा दिसतो तोही रोज वाढतोय. परगावी गेलेली आपली माणसंही ऐकत असणार. तेवढ्यानं बरं वाटतं.

शुक्रवारी फोन केलास म्हणतेस. खोटं कशाला बोलायचं, बाळा? गडबडीत राहून गेलं असेल. फोन मुका पडून आहे, मला काय माहीत नाही? मी रागावलेलो नाही. नाव चांगलं आहे.

सोबत तुझ्या मामीची जेडची बांगडी पाठवतोय. शिन-रोउ मोठी झाली की तिला घाल. मिक्सर, कॉम्प्युटर आणि गाण्यांच्या तबकड्या आ-बोकच्या ताब्यात देईन म्हणतो. तो चालवेल. महिनाअखेरीला दार बंद होतं, त्याआधी माणसानं पसारा आवरलेला बरा.

मामा


सातवा महिना, वद्य अष्टमी
(तातडीच्या टपालानं)

मामा,

हे पत्र एकट्यानं वाचू नका. आ-बोककाका शेजारी असतील तेव्हाच पुढे वाचा. त्यांना मी सांगून ठेवलंय.

बांगडी मिळाली आणि तुमचं ते ‘पसारा आवरलेला बरा’ मी पुन्हा वाचलं. त्या दिवशी मी डाव्या कानाला काहीच लावलं नाही. फक्त उजवा. आवाज पूर्ण वाढवला, गाण्याचे उंच सूर गाळले, आणि गाण्याच्या खालचं बोलणं स्पष्ट ऐकलं.

मामा, ती मामी नाही. ते तुम्ही आहात.

गाणं लागलं की तुम्ही तुमचा माइक खाली ओढता आणि तिच्या खुर्चीकडे वाकून तिच्याशी बोलता. पण तिचा माइक उघडा आहे. तुमचं हळू बोलणं त्यातून सगळीकडे जातं. तुम्हाला वाटतं, घरात आहात. तुम्ही तिला जेवलीस का विचारता. तुम्ही तिला सांगता की आता काहीच ऐकू येत नाही, उजवा कान केव्हाच गेला होता, नव्या वर्षापासून डावाही गेला, लोकांची फक्त तोंडं हलताना दिसतात. आणि मंगळवारी तुम्ही म्हणालात, “ग्योक-लान, दार बंद व्हायच्या दिवशी उंबऱ्यात जरा थांब. मी येतो तुझ्याबरोबर. ओहोटीला खाडीत लांबपर्यंत चालत जाता येतं.”

मी न्हाणीघरात फरशीवर बसून रडले. मग आ-बोककाकांना फोन केला. ते म्हणाले, “पोरी, आम्हाला पहिल्या दिवसापासून ऐकू येतंय. पण सांगायचं कसं? माणूस आपल्या बायकोशी बोलतोय, मध्ये तोंड कोण घालणार? सोलायला बसलेल्या बायकांनी तर आपसात ठरवलं, गाणं लागलं की आवाज कमी करायचा आणि मान खाली घालायची. पण तिच्याबरोबर जायचं तो पौर्णिमेआधीच एकदा बोलला, आणि आम्ही पाळ्या लावल्या.” तुमच्या दारातले दोडके हे असे आहेत, मामा. आ-बोककाकांचं छत गळत नाही.

तुम्ही बहिरे झालात आणि मला सांगितलं नाहीत. मी तुम्हाला हट्टी म्हातारा समजत राहिले. माझा राग आलाय मला, आणि तुमचा त्याहून जास्त. माझी मुलगी अजून तुम्ही पाहिलेली नाही. कुठे जायला निघालात?

पेइ-युन


सातवा महिना, वद्य दशमी

पेइ-युन,

पत्र वाचलं.

सगळ्या गावासमोर मला नागडं केलंस. तू नाहीस, मीच. पण आज तुझ्यावरच चिडावंसं वाटतं.

एन्कोडर बंद केलाय. कार्यक्रम संपला. आ-बोकला घरी जा म्हटलं तर तो ऐकत नाही. बहिरा मी आहे की तो?

तें.


सातवा महिना, वद्य एकादशी

पेइ-युन,

काल लिहिलं ते मनावर घेऊ नकोस. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आता सकाळ झालीय, आ-बोक भाताची पेज करतोय आणि मी लिहायला बसलोय.

तुला सगळं कळलंच आहे तर उरलेलंही सांगतो. माझे कान बरीच वर्षं जात होते. आ-बोकला तेवढं ठाऊक आहे, तो मला सगळं लिहून दाखवतो. श्रोत्यांचे फोन ती घ्यायची. दाराशीच बसायची, बाहेरच्या खोलीतून फोनची लांब तार ओढून. माणूस काय बोलला ते पुन्हा माझ्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणायची. “लिम आजी विचारतात, गुडघ्याला सकाळी लावू की रात्री?” लोकांना वाटायचं, कार्यक्रमाची रीतच आहे. ती माझा कान होती. माझ्यात आणि जगात ती बसलेली होती. ती उठून गेली आणि सगळं जग एका दिवसात मुकं झालं. फक्त त्या पडद्यावर तिची पट्टी हलायची. मी बोलणं थांबवलं की हलायची.

हेच विचारायचंय तुला.

कुजबुज माझी, मान्य. मी बोलतो तेव्हा पट्टी हलते ती माझ्याच आवाजानं, मान्य. पण मी गप्प असताना? तिला विचारायचो आणि थांबायचो. श्वास धरून थांबायचो. तेव्हा ती उडी मारायची, ते माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पंखा मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकला होता, तुझ्या सांगण्यावरून. रस्त्याकडची खिडकी बंद. कुत्रं आपल्याकडे नाही.

तू म्हणाली होतीस, प्रत्येक माइकचा आवाज वेगळा साठतो. तिच्या माइकचा सगळा साठा आ-बोकनं डिस्कवर घालून दिलाय, गाण्यांशिवायचा. सोबत पाठवतोय. मी थांबतो त्या जागा ऐक. तिथे कोण आहे ते सांग.

खोटं सांगू नकोस. माझ्या समाधानासाठी होय म्हणू नकोस आणि माझ्या काळजीपोटी नाही म्हणू नकोस. तिथे ती असेल तर अमावास्येला दार बंद होताना मला आ-बोक अडवू शकणार नाही, तूही नाही. नसेल तर तसं लिही. माझ्यासाठी ऐकणारं आता तुझ्याशिवाय कुणी नाही.

मामा


सातवा महिना, वद्य त्रयोदशी
(नवऱ्याच्या हाती, तो स्वतः पत्र घेऊन येतोय)

मामा,

डिस्क मिळाल्यापासून ऐकतेय. यावेळी न्हाणीघरात नाही, बाहेरच्या खोलीत, सासूबाईंच्या समोर. त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी मुलीला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाल्या, “ऐक. कान गेले तर गेले.”

खरं लिहायला सांगितलंत. मला एकदा वाटलं, लिहावं की पंखाच आहे, काहीतरी खडखडतंय. एकदा तर असंही वाटलं की तिच्या नावानं चार शब्द लिहून टाकावेत, ‘इथेच राहा’ असे, म्हणजे तुम्ही ऐकाल. पण तुम्ही मला कान केलंत, मग खोटं कसं ऐकू?

मामी तिथे नाही, मामा. मी प्रत्येक जागा ऐकली. तुम्ही विचारता आणि थांबता, त्या सगळ्या जागांत तिचा श्वाससुद्धा नाही. मलाही ती हवी होती.

पण त्या जागा रिकाम्या नाहीत.

त्यांत फोन वाजतोय.

बाहेरच्या खोलीतला आपला जुना फोन. तिची खुर्ची दाराशी, म्हणून तिच्या माइकात येतो. दुरून, पण स्पष्ट. वाजतो, थांबतो, वाजतो, थांबतो. तुम्ही पाहिलेली उडी ती हीच. गाणं लागलं की लोक फोन करतात, पूर्वीपासूनची सवय आहे त्यांना. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, एकही सकाळ अशी नाही की तो वाजला नाही. तुम्ही मामीला विचारता, “मला एकट्याला सोडून कशी गेलीस?” आणि मागे फोन वाजत असतो. तुम्ही म्हणता, “कुणी विचारत नाही गं आता,” आणि फोन वाजत असतो. आ-बोककाकांना विचारलं. लिम आजी रोज लावतात म्हणाले, आपलं जुनं गाणं सांगायला, आणि कुणी उचलत नाही म्हणून रस्त्यात गाठून तुम्हाला बोलतात.

आता शुक्रवारची नोंद. त्या दिवशी तुम्ही तिला म्हणताय, “पेइ-युनला मुलगी झाली. ते पण जावयानं पत्रानं कळवलं. पोरीनं एक फोन नाही केला मामाला. लहानपणी तुझ्या मांडीवरून उठत नव्हती.” मग तुम्ही थांबलात. फोन वाजतोय. खूप वेळ वाजतोय, तुम्ही पुन्हा बोलायला लागलात तरी वाजतोय.

तो मी केलेला आहे, मामा.

पेइ-युन


आठवा महिना, शुद्ध पंचमी

पेइ-युन,

जावई इथे होता तोवर तुला तोंडी निरोप दिले. पण पत्राला पत्रानंच उत्तर द्यावं.

तुझं पत्र वाचून मी तिला दुसऱ्यांदा गमावली. हे तुला कळायला हवं म्हणून लिहितोय, दोष देण्यासाठी नाही. तू होय लिहिलं असतंस तर मी गेलो असतो. नुसतं नाही लिहिलं असतंस तरी बहुधा गेलो असतो.

अमावास्येला सगळं गाव खाडीवर दिवे सोडायला गेलं. मीही गेलो, एका बाजूला जावई आणि एका बाजूला आ-बोक, चोर पकडून न्यावा तसा. ओहोटी होती. तिच्या नावाचा दिवा चिखलाच्या कडेला बराच वेळ अडकला. मग पाण्यानं उचलला. दिसेनासा होईपर्यंत उभा राहिलो आणि सगळ्यांबरोबर परत आलो. चपला चिखलात गेल्या.

परवापासून कार्यक्रम पुन्हा सुरू केलाय. हमाल मुकाट कामाला लागला. तुझं यावेळी ऐकलं, मोनो केलं. जावयानं फोन आत आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि त्याला एक लाल दिवा जोडून दिला. वाजला की पेटतो. पहिल्या सकाळी तो पेटला तेव्हा मी घाबरून मागे सरकलो. विझेपर्यंत बघत बसलो. लगेच पुन्हा पेटला. ऐकू येत नाही म्हणजे वाजतच नाही, असं धरून बसलो होतो मी.

आता मी उचलतो. पलीकडचं मला एक अक्षर ऐकू येत नाही, आणि ते मी कार्यक्रमातच सांगून टाकलंय. तरी लोक करतात. मी कानाला लावतो, माणसाला बोलायला लागेल तेवढा वेळ थांबतो, आणि मग मी बोलतो. कोण आहे ते कळायला काही मार्ग नाही. लिम आजी असेल, तू असशील, परगावचा कुणी असेल. महिना सरला, दार बंद झालं, हे मला ठाऊक आहे. पण पलीकडे ती नाही, हे मला कसं कळणार? म्हणून दिवा पेटला की मी प्रत्येकाला आधी तेच विचारतो, जे तिला विचारायचो. जेवलीस का?

मामा